उतरलेल्या पाण्याकाठी

एप्रिलमध्ये परीक्षा संपत आल्या की घरोघरी एक बैठक भरते. जेवणं झालेली असतात, पंखा पाचावर फिरत असतो आणि एक मोबाइल या हातातून त्या हातात जात असतो. यंदा समुद्र नको, गर्दीचं देवस्थान नको, कुठंतरी तळ्याकाठी चार दिवस राहू, असं कुणीतरी सुचवलेलं असतं आणि ते सगळ्यांना पटलेलंही असतं. मग फोटो दिसू लागतात. हिरव्यागार डोंगरांमध्ये काठोकाठ भरलेलं पाणी, पाण्यापर्यंत उतरलेले ढग, काठावर गुडघाभर गवत, गवतात पिवळी सोनकी. मुलं हरखून जातात. आजी मात्र चष्मा पुसून फोटो नीट बघते आणि विचारते, "मे महिन्यात तिथं पाणी असतं का?"

घरातल्या कुणालाच याचं नक्की उत्तर देता येत नाही. कारण ते सगळे फोटो पावसाळ्यातले किंवा पावसाळ्यानंतर लगेचचे असतात. सोनकी फुलते तीच मुळी श्रावण-भाद्रपदात. मे महिन्यातल्या तळ्याचा फोटो सहसा कुणी काढत नाही, काढला तरी कुणाला पाठवत नाही. आणि मुलांच्या शाळांना लांब सुटी असते ती नेमकी मे महिन्यात.

ज्यानं महाराष्ट्रातलं एखादं तळं वैशाखात पाहिलंय, त्याला आजीच्या प्रश्नाचं वजन कळतं. पाणी असतं, पण दूर, खाली गेलेलं. झाडी जिथं संपते तिथून पाणी सुरू होतं तिथपर्यंत मातीचा रुंद, तांबूस-करडा पट्टा उघडा पडलेला असतो. पाणी टप्प्याटप्प्यानं उतरत गेलं त्याच्या रेघा त्यावर एकाखाली एक उमटलेल्या असतात. वाळलेले शिंपले, गोगलगायींची पांढरी कवचं, एखाद्या जुन्या बांधाचे दगड, मधेच भुईतून वर आलेला झाडाचा काळा बुंधा. पाण्याच्या अगदी जवळ, जिथं ओल टिकून असते तिथं, हिरव्या चाऱ्याचा एखादा तुकडा. धरणाच्या बुडीत जमिनीवर पाणी ओसरल्यावर असं पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. कुठं चारा, कुठं कलिंगडं, कुठं काकडी. पहिल्यांदा येणारा हे सगळं बघून हिरमुसतो. त्यानं संध्याकाळपर्यंत तिथंच थांबावं. भरलेलं तळं डोळ्यांना सुख देतं. उतरलेलं तळं स्वतःची हकिगत सांगू लागतं, आणि त्यासाठी मे महिन्यासारखा दुसरा महिना नाही.

ही हकिगत बहुतेक वेळा माणसांची असते. महाराष्ट्रात निसर्गानं घडवलेली मोठी तळी जवळजवळ नाहीतच. लोणार हा ठळक अपवाद. उल्केच्या आघातानं काळ्या बेसाल्ट खडकात पडलेला तो खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि त्याच्या तळाशी खारं पाणी आहे. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं. पातळी खाली गेली होती, खारटपणा वाढला होता आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग धरला होता, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. एवढं अपूर्व दृश्य दिसलं ते तळं आटलेलं असताना, हे विसरण्यासारखं नाही. बाकीची तळी मात्र कुणी ना कुणी बांधलेली आहेत. कुणी राजानं, कुणी गावच्या पाटलानं, कुणी इंग्रज सरकारनं, कुणी वीजकंपनीनं, आणि स्वातंत्र्यानंतर पाटबंधारे खात्यानं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भरायचं आणि उरलेले आठ महिने देत राहायचं, हेच त्यांचं काम. मे महिन्यात ती उतरलेली असतात ती काम करून.

उन्हाळा वाढला की वर्तमानपत्रांत धरणांच्या साठ्याची चौकट येऊ लागते. त्यात उजनीच्या नावापुढं कित्येक वर्षी उणे चिन्ह दिसतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, धरण कोरडं पडलं. तसं नसतं. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसीची, म्हणजे ११७ अब्ज घनफुटांची, त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात धरलेलं. तेव्हा उपयुक्त साठा शून्य टक्के झाला तरी डोळ्यांसमोर पाणी पसरलेलंच असतं. त्याच्याही खाली पातळी उतरू लागली की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं.

भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि नदीकाठची गावं उठली. पळसदेवची माणसं वर, पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला राहायला आली. पळसनाथाचं देऊळ खाली पाण्यात राहिलं. चांगल्या पावसाच्या वर्षी शिखर तेवढं दिसतं. दुष्काळाच्या वर्षी सगळं देऊळ मोकळं होतं, अंगणातल्या वीरगळांसकट, आणि लोक चालत गाभाऱ्यापर्यंत जातात. चिखल वाळून भेगाळलेला असतो. कोरीव खांबांवर गाळाची पुटं असतात. गावातली म्हातारी माणसं नातवंडांना हाताला धरून घेऊन येतात आणि आपलं घर कुठं होतं, ओसरी कुठल्या अंगाला होती, पाणवठ्याची वाट कुठून जायची ते दाखवतात. जिथं बोट दाखवलेलं असतं तिथं सपाट गाळच असतो. तरी पोरं लक्ष देऊन ऐकतात.

उजनीकाठी चार दिवस राहावं, असं कुणी सुचवणार नाही. ऊन फार असतं. पण सोलापूर-पंढरपूरकडे जाणाऱ्यानं अर्धा दिवस काढावा. भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ या गावांतले मच्छीमार आता पाहुण्यांना पहाटे नावेतून पाण्यावर नेतात. रोहित पक्ष्यांचा थवा कुठं उतरलाय, नदीसुरय कुठल्या बेटावर बसलेत, हे त्यांना वर्षानुवर्षं जाळं टाकून ठाऊक झालेलं असतं. नावाडी शास्त्रीय नावंही सांगतो आणि मग आपल्या भाषेतलं नाव सांगताना जरा मोकळा होतो. परत आल्यावर चिलापीचं कालवण आणि ज्वारीची भाकरी. ज्या घरात मांसाहार चालत नाही, त्यांनी नऊच्या आत गाडी रस्त्याला लावलेली बरी.

बैठकीत पहिलं नाव निघतं ते मात्र वेण्णा लेकचं. महाबळेश्वरचं हे तळं साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांच्या कारकिर्दीत, १८४२ मध्ये झालं. आकारानं लहान, अठ्ठावीस एकरांच्या आसपास. होड्या, घोडे, भाजलेली कणसं, मक्याचे पॅटिस, स्ट्रॉबेरी विथ क्रीम. मे महिन्याच्या शनिवार-रविवारी होडीसाठी लागलेली रांग रस्त्यापर्यंत येते आणि गाड्यांची रांग तर पांचगणीच्या अलीकडूनच सुरू होते. अशा जागेला नाकं मुरडण्याची शहाण्या प्रवाशांत पद्धत आहे. ती बरोबर नाही. ज्या घरात गुडघे दुखणारी आजी आहे आणि चार वर्षांचं नातवंडही आहे, त्या घराला वेण्णाच्या काठासारखी सोय दुसरीकडे मिळत नाही. पाणी रस्त्याला लागून आहे. संध्याकाळी झोंबणारा वारा येतो, आजीच्या खांद्यावर शाल येते, पोर घोड्यावरून उतरायला तयार नसतं. वर्षभर एकाच शहरात राहूनही एकमेकांना न भेटलेली दोन कुटुंबं इथं हमखास भेटतात आणि तिथल्या तिथं रात्रीचं जेवण एकत्र ठरतं.

पण महाबळेश्वरला पोचलेल्या घरानं एक दिवस काढून तापोळ्याला उतरावं. तासाभराचा वळणावळणाचा रस्ता. खाली शिवसागर दिसतो, कोयना धरणाचा फुगवटा. कोयना नदी उगम पावते महाबळेश्वरला, धरण आहे तिकडे पाटण तालुक्यात, आणि मधलं सगळं खोरं पाण्याखाली. भरल्यावर १०५ टीएमसी. या पाण्याचा मोठा भाग नदीबरोबर पूर्वेला जातच नाही. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून तो पश्चिमेला पोफळीकडे उतरतो आणि त्यावर वीज होते. खालच्या पातळीचं पाणीही घेता यावं म्हणून १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये जलाशयाला तळातून भोक पाडण्याचं काम इथं झालं. लेक टॅपिंग हा शब्द तेव्हा साताऱ्या-चिपळूणकडच्या चहाच्या टपऱ्यांवरही बोलला जात होता. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप या खोऱ्यात अजून घरटी सांगितला जातो.

मे महिन्यात तापोळ्याला लाँचचा धक्का खाली खाली सरकत जातो. पिशव्या सांभाळत, उघड्या मातीवरून घसरत माणसं पाण्यापर्यंत जातात. पाहुणा फेरफटक्याला आलेला असतो, पण त्याच लाँचमध्ये त्याच्या शेजारी पलीकडच्या काठावरच्या गावाला जाणारी माणसं असतात. जावळीच्या या पट्ट्यातले किती तरी पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईत माथाडी काम करतात. मे महिन्यात गावची जत्रा, लग्नं, घराची डागडुजी यासाठी ते बायकामुलांसकट येतात. त्यांचीही ही उन्हाळ्याची सुटीच. त्यांची मुलं आणि पुण्या-मुंबईहून फिरायला आलेली मुलं लाँचच्या कठड्याला धरून एकाच पाण्याकडे बघत असतात. बुडालेल्या गावांची माणसं सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली, त्यांच्या जमिनीची भांडणं पुढच्या पिढ्यांपर्यंत चालली. लाँचमधल्या एखाद्या काकांना विचारलं तर ते पाण्यातल्या एका जागेकडे हात करून सांगतात, इथं आमची भातखाचरं.

पुण्याच्या माणसाला मुळशी जवळची. शुक्रवारी संध्याकाळी निघालं तर रात्रीच्या जेवणाला काठावर. ज्या पाण्याकडे तोंड करून आता बंगले आणि रिसॉर्टं उभी आहेत, त्या पाण्याखाली मावळ्यांची आंबेमोहोराची शेतं होती. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधायचं ठरलं तेव्हा ती वाचवण्यासाठी १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले. 'जान किंवा जमीन' ही मुळशीकरांची घोषणा. धरण झालंच, पाणी भिऱ्याला उतरून मुंबईचे दिवे लावू लागलं. धरणग्रस्तांचा एवढा जुना संघटित लढा आपल्या घरापासून दोन तासांवर झाला, हे शाळेतल्या मुलाला सांगायला मुळशीचा काठ ही योग्य जागा आहे. आणि वेळही योग्य, कारण सुटी आणि सत्याग्रहाची तिथी एकमेकींच्या आसपासच येतात.

बैठकीत कधीतरी नैनितालचं नाव निघतंच. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढं दीड-दोन तासांचा घाट. १९३८ मीटरवरचं ते तळं निसर्गानं दिलेलं. त्याच्या एका टोकाला मल्लीताल, दुसऱ्याला तल्लीताल. इंग्रज वसाहत १८४१ नंतर वाढली आणि १८८० च्या सप्टेंबरात दरड कोसळून १५१ माणसं गेली. आज जिथं मुलं क्रिकेट खेळतात त्या फ्लॅट्सच्या मैदानात त्या दरडीचाही मलबा आहे. या तळ्याचं पाणी शहर पितं. त्यामुळं ज्या महिन्यांत हजारो पाहुणे येतात त्याच महिन्यांत तळ्यावर सर्वांत जास्त ताण येतो आणि काठाशी गाळाची बेटं वर दिसू लागतात. सुटीत गाड्या गावाबाहेर थांबवतात. तिथं जाणाऱ्या मराठी घरांनी मुक्काम भीमताल, सातताल किंवा नौकुचियातालला करावा आणि नैनितालला दिवसा जाऊन यावं. झोप चांगली लागते आणि सकाळी खिडकीशी पक्षी असतात.

विदर्भातल्या घरांची बैठक वेगळी असते. तिथं मे म्हणजे पंचेचाळीस अंश, आणि साहजिकच चिखलदऱ्याचं नाव पुढं येतं. पण गोंदिया-भंडाऱ्याकडे ज्यांचं आजोळ आहे त्यांना तळ्याकाठची सुटी निवडावी लागत नाही, ती घराच्या मागेच असते. हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजानं पिढ्यानपिढ्या डोंगरांच्या खोबणी हेरून मातीच्या पाळी घातल्या, पाणी अडवलं, भात पिकवला. लहान त्या बोड्या, मोठे ते तलाव. मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी' म्हणून मामा तलाव हे नाव रूढ झालं. त्यांतलं नवेगावबांध सर्वांत देखणं. ते बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळींना लोकांनी देवपण दिलं, कोलासूर म्हणून ते पुजले जातात. पाणी अडवणाऱ्या माणसाचा देव व्हावा, यात त्या मुलखाची सगळी समज आहे.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथं राहिले आणि 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकामुळं हे तळं पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या घरात पोचलं. ते वाचून नवेगावला गेलेली माणसं आजही भेटतात. त्यांनी पहाटे पाचला पाळीवर असावं. मोहाची फुलं वेचून झालेली असतात, तेंदूपानांचे पुडे घेऊन बाया परतत असतात, आणि ढिवरांच्या डोंग्या जाळी ओढत काठाला येतात. जाळ्यातल्या प्रत्येक माशाला त्यांच्याकडे वेगळं नाव आहे, प्रत्येक पाणवनस्पतीलाही; कुठली वनस्पती वाढली तर कुठला मासा वाढतो हे त्या समाजातल्या बायका बोलता बोलता सांगतात. आठ वाजेपर्यंत ऊन चढतं. मग दुपारभर कौलांच्या घरात आडवं व्हावं, आंब्याचं पन्हं प्यावं आणि पाच वाजायची वाट बघावी. वाघ बघायला आलेल्या गाड्या तळ्याशी अर्धा तास थांबून निघून जातात, याचं वाईट वाटतं.

मालवणला निघालेल्या घरांसाठी धामापूर. कुडाळहून मालवणला जाताना वाटेत डाव्या-उजव्या हाताला आमराया आणि माडांचे बाग लागतात, आणि त्यांच्या मधे डोंगरांत अडवलेलं हे तळं. १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी ते बांधलं. काठावर भगवतीचं देऊळ, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. २०२० मध्ये त्याची जागतिक सिंचन वारशाच्या यादीत नोंद झाली. मुलांना तारकर्लीच्या लाटांची घाई असते, तरी तासभर थांबावं. भोवतीच्या दाट झाडीमुळं इथं वैशाखातही गारवा असतो आणि देवळाच्या पायरीवर बसून घरून आणलेली दशमी सोडायला यासारखी जागा नाही.

आणि भंडारदरा. नाशिक, संगमनेर, ठाणे, मुंबई, कुठूनही चार-पाच तासांत. प्रवरेवरचं इथलं दगडी धरण १९१० मध्ये हाती घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं झालं; सुमारे ८२ मीटर उंच. त्या वेळचा मुंबईचा गव्हर्नर लेस्ली विल्सन याचं नाव धरणाला मिळालं, पाण्याला आर्थर लेक म्हणू लागले. पण हा मुलूख महादेव कोळ्यांचा. देवगावचे राघोजी भांगरे याच डोंगरांतून इंग्रजांशी आणि सावकारांशी लढले आणि २ मे १८४८ ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मे महिन्यात इथं येणाऱ्या पाहुण्यानं ती तारीख लक्षात ठेवावी. काठच्या गावांत ती लक्षात असते.

धरणापासून तळ्याला वळसा घालत जाणारा रस्ता हा इथला खरा मुक्काम. एकीकडे कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर, पुढं रतनगड, अलंग-मदन-कुलंग. रतनवाडीला अमृतेश्वराचं शिलाहारकालीन मानलं जाणारं देऊळ आणि शेजारी कोनाड्यांत मूर्ती बसवलेली पुष्करणी. घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलं की वारा टोपी टिकू देत नाही. पावसाळ्यात याच घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. मे महिन्यात याच भागातल्या वाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन झऱ्याशी बसलेल्या दिसतात. एवढ्या मोठ्या तळ्याच्या वरच्या अंगाला प्यायच्या पाण्यासाठी थांबावं लागतं, हे बघून पाहुण्याच्या घशाखाली पाणी उतरू नये. निदान अंघोळीच्या बादल्या तरी त्यानं मोजून घ्याव्यात.

रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणांतून करवंदं मिळतात, जांभळं मिळतात. मुक्काम कुणाच्या तरी अंगणात किंवा काठावरच्या तंबूत. रात्री नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, सांगितलं असेल तर गावरान कोंबडी. सकाळी उठून उघड्या मातीवरून पाण्यापर्यंत चालत गेलं की पायाखाली जुन्या खाचरांचे बांध लागतात. त्या बांधांवरून चालताना मुलं तोल सांभाळण्याचा खेळ खेळतात.

महिना संपत आला, वळवाचे दोन-चार शिडकावे झाले, हवा दमट झाली की काजवे निघतात. मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, उंबर, जांभूळ अशी झाडं रात्री चमकतात. एका झाडावरचे हजारो नर एका लयीत उजळतात आणि विझतात, मग पलीकडचं झाड तीच लय उचलतं. पूर्ण वाढलेल्या काजव्याला थोडेच दिवस मिळतात. त्याचं बाकीचं आयुष्य मातीत, गोगलगायी खात गेलेलं असतं. म्हणून तर हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचा दिवा, आरडाओरडा आणि गवत तुडवत झाडाखाली जाणं, यांतली प्रत्येक गोष्ट त्यांच्या जिवावर येते. गेल्या काही वर्षांत शनिवारी रात्री या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि त्या उजेडात काजवे दिसेनासे होतात. वनखात्यानं इथल्या अभयारण्यात वेळेची आणि वाहनांची बंधनं घातली आहेत. गावची पोरं वाटाड्या होऊन पाहुण्यांना दिवा बंद करायला सांगतात. ज्या घराला काजवे बघायचेत त्यानं मधला वार निवडावा, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचावं आणि मग गाडीची किल्ली घरमालकाकडेच देऊन टाकावी.

मे महिन्यात इथलं पाणी रोज उतरताना दिसतं. काल ज्या दगडावर बसून पाय पाण्यात सोडले तो आज कोरडा असतो. घरमालकाला विचारलं तर तो म्हणतो, "आवर्तन सुटलंय ना." भंडारदऱ्याचं अकरा टीएमसी पाणी, खाली निळवंडे, त्याच्या पुढं ओझरचा बंधारा आणि तिथून डावा-उजवा पाट. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी. या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि त्याच पट्ट्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. तळ्याकाठी सुटीला आलेली कितीतरी घरं त्याच गावांतली असतात. जन्मभर ज्या पाटाचं पाणी शेताला दिलं, ते कुठून येतं हे त्यांतल्या अनेकांनी पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. श्रीरामपूरकडचे एखादे आजोबा धरणाच्या भिंतीशी उभे राहून खाली धडाडणारं पाणी बराच वेळ बघतात, मग खिशातून फोन काढतात आणि घरी राहिलेल्या धाकट्या भावाला विचारतात, "पाट आला का रे आपल्याकडं?" तिकडून उत्तर येतं, अजून नाही. आजोबा म्हणतात, "इथनं सुटलंय. दारं नीट बघून ठेव." नातू विचारतो, आजोबा, पोचायला किती दिवस लागतात? त्यावर तिथं उभी असलेली तीन-चार माणसं, वेगवेगळ्या गावांची, एकाच वेळी बोलू लागतात.